आयव्ही सॅमवेजच्या ब्रॉनला कुणी हात लावेना

आयव्ही सॅमवेजचं ब्रॉन पानात पडल्याशिवाय हेझलकूममध्ये कापणीचं जेवण झालं, असं कुणाला वाटत नसे. डुकराचं डोकं आदल्या दिवशी सकाळपासून मंद आचेवर ठेवायचं, हाडं सुटायला लागली की मांस बोटांनी सोडवून घ्यायचं, त्यात मिरी, जायफळ आणि परसातली सेजची पानं घालून ते पुन्हा आटलेल्या रश्श्यात सोडायचं आणि कोठीतल्या थंड फरशीवर थिजू द्यायचं. भांडं उपडं केलं की डुलणारा, चकाकणारा गोळा बाहेर यायचा. रेशनची कार्डं होती त्या वर्षांतही आयव्हीनं कुठून तरी डोकं पैदा केलं होतं, आणि कुठून ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती मूळची हेझलकूमची नव्हे. टेकडीपलीकडच्या गावातून लग्न होऊन आली होती. अंतर म्हणाल तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत यावं एवढंच. पण इतक्या वर्षांनीसुद्धा तिचा विषय निघाला की लोक म्हणायचे, "कोण, वॉल्टची बायको? ती पलीकडची?" वॉल्ट सॅमवेज छपरं शाकारायचा. गावातली निम्मी छपरं त्याच्या हातची. तो छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. आयव्ही त्याच घरात एकटी राहिली. उंच, हाडापेरानं मोठी बाई, बोलणं तुटक, हसली तर तोंडावर हात धरायची. कापणीच्या जेवणाच्या आठवड्यात मात्र तिच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. त्या एका संध्याकाळी ती कुठली आहे हे कुणाच्या ध्यानात नसायचं.

त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं आणि माणसंही नेहमीपेक्षा जास्त होती. चर्चमधल्या गव्हाच्या पेंढ्या गावच्या हॉलच्या खिडक्यांत आणून उभ्या केल्या होत्या. उकडलेलं हॅम, बटाटे, लोणचं, ब्रॉन, मागाहून सफरचंदाचा केक आणि त्यावर कॉनी डिबनच्या घरची घट्ट साय. सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, तर पिंपच होतं. आयव्ही जेवायला बसली नाही. ती कधीच बसत नसे. आत स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या उभ्या तिनं ब्रॉनचे दोन काप आणि पाव खाल्ला, वर कपभर चहा प्यायली. गोड तिला सोसत नसे, आणि साय तर लहानपणापासून तिच्या पोटात ठरत नव्हती.

बाहेर गाणी चालू झाली तेव्हा जेसी हॅन रिकामी बशी घेऊन दारात आला. जेसी गावाची काटेरी कुंपणं विणायचा, बोलायचा कमी, खायचा भरपूर.

"अजून आहे का गं?"

"तिसऱ्यांदा येतोयस."

"मग ते वाया घालवणार का?"

आयव्हीनं त्याला भांड्याच्या कडेचा जाड काप दिला. ती खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा निम्मं गाव अंथरुणात होतं. उलट्या, मुरडा, अंगात ताकद नाही. पाद्री ऑल्डससाहेबांना प्रार्थनेला उभं राहता येईना. डॉक्टर बाजारच्या गावाहून आले, घरोघर फिरले आणि म्हणाले, खाण्यात काहीतरी आलं. काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही. ताटं धुऊन झाली होती आणि उरलंसुरलं डुकरांना घातलं होतं. बाकीचे दोन दिवसांत उठून बसले. रूबेन ट्रिम उठला नाही. रूबेन म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा आणि गावाच्या कबरी खणणारा म्हातारा, आधीच खंगलेला. त्याची कबर खणायला शेजारच्या गावातून माणूस आणावा लागला.

अंत्यविधीनंतरच्या चहाला आयव्हीनं शहाजिऱ्याचा केक नेला. महिला मंडळाच्या अध्यक्ष मिसेस थ्रिंग दारातच उभ्या होत्या.

"अगबाई, किती सुंदर! द्या इकडे, मी ठेवते."

आयव्ही चहा पीत बसली. टेबलावर तीन केक होते, तिचा नव्हता. निघताना ती कोट घ्यायला मागच्या खोलीत गेली, तर तिथं खुर्चीखाली तिचा केक होता. वरचं फडकंसुद्धा काढलेलं नव्हतं. तिनं तो उचलला आणि कोटाखाली धरून घरी आणला. वाटेत भेटलेल्यांनी हॅट उचलून नमस्कार केला. नमस्कारात काही कमी नव्हतं.

त्यानंतर गोष्टी एकेक करून तिच्या लक्षात यायला लागल्या. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "हवा बरी पडलीय नाही?" चर्चमधली पितळेची भांडी घासायची तिची पाळी दुसऱ्या कुणाला तरी गेली. तिनं चर्चच्या विक्रीसाठी दिलेल्या मुरंब्याच्या बरण्या ओढ्याकाठच्या चरात सापडल्या, झाकणं न उघडलेल्या. एकदा दुकानात ती दाराआड होती आणि दोघी बोलत होत्या.

"ती स्वतः कशी गं आजारी पडली नाही?"

"तेच म्हणते मी. आपल्या हातचं आपण नाही खाल्लं म्हणजे काय समजायचं?"

"मुद्दाम केलं असं नाही हं म्हणत मी."

"नाही नाही. मुद्दाम कशाला करेल?"

आयव्ही दाराआडून पुढं आली. "दोन पेट्या काड्यांच्या," ती दुकानदाराला म्हणाली. दोघी म्हणाल्या, "हवा बरी पडलीय, मिसेस सॅमवेज." तीही म्हणाली, बरी पडलीय.

मग एका दुपारी ऑल्डससाहेब आले. मांजराला गोंजारत बराच वेळ बसले.

"तुम्ही फार कष्ट घेता गावासाठी," ते म्हणाले. "सगळ्यांना जाणीव आहे. मी म्हणत होतो, थोडी विश्रांती घेतलीत तर?"

"मी दमलेली दिसते का, साहेब?"

"तसं नव्हे."

"मग कसं?"

साहेब मांजराकडेच बघत राहिले. "लोकांचं मन सावरायला वेळ लागतो, मिसेस सॅमवेज. कुणी काही म्हणत नाहीये."

"तेच तर," आयव्ही म्हणाली. "कुणी म्हणालं असतं तर मला उत्तर तरी देता आलं असतं."

चहाला ते नको म्हणाले. या घरी पाद्रीसाहेबांनी चहा नाकारल्याची ही पहिलीच वेळ.

सुरुवातीला आयव्हीनं स्वतःवरच संशय घेतला. ब्रॉनचं भांडं राखेनं आणि वाळूनं घासघासून तिनं हाताची सालं काढली. कोठीच्या फरशीवर गुडघे टेकून कोपरे हुंगले. डोकं आणलं तेव्हा खाटकानं कागद उघडताना तोंड फिरवलं होतं का? मांस सोडवताना बोटाला चीर होती का? कित्येक दिवस ती हीच उजळणी करत होती. शेवटी एका सकाळी पाव कापताकापता तिला सुचलं, मी तर ते खाल्लं होतं. ओट्याशी उभी राहून खाल्लं होतं, आणि मला काही झालं नाही.

पण हे पाहिलं कुणी होतं? आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

मग तिचा संशय बाहेर फिरायला लागला, आणि फिरायला लागल्यावर त्याला कुठलंच दार वर्ज्य राहिलं नाही. हॅम मिसेस थ्रिंगनी हॉलच्या मोठ्या तांब्याच्या भांड्यात उकडलं होतं. त्या भांड्याची कल्हई पाहिली होती कुणी? सायडरच्या पिंपात मेलेला उंदीर निघाल्याची गोष्ट तिनं माहेरी ऐकली होती. चर्चमध्ये ती लोकांच्या मानेकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, तुला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपण अशा कधीपासून झालो, असं तिला वाटायचं, आणि तरी डोळे हटायचे नाहीत.

एकटी कॉनी डिबन मात्र येत राहिली. कॉनीचं आणि तिचं घर एकाच भिंतीनं जोडलेलं. बुटकी, गुबगुबीत, हसरी बाई. नवरा पर्सी युद्धातून पाय गमावून आलेला, चाकांच्या खुर्चीत बसून असायचा. दोन गाई आणि गावाला घातलेलं दूध, यावर त्यांचं चालायचं. लग्न होऊन आल्याआल्या आयव्हीशी पहिल्यांदा बोलली ती कॉनीच. वॉल्ट गेला तेव्हा आठवडाभर रात्रीची सोबतीला राहिली तीही कॉनीच. आता ती दिवसाआड काहीतरी घेऊन यायची. अंडी, कोबी, पर्सीनं विणलेली टोपली.

"लोकांकडे नको लक्ष देऊ," ती म्हणायची. "विसरतील."

"काय विसरतील?"

"हेच गं सगळं."

"ब्रॉनमुळं झालं असं तुलाही वाटतं?"

"मी कुठं म्हटलं तसं?" कॉनी उठायची. "पर्सी वाट बघत असेल."

पूर्वी ती इतकी येत नव्हती. आणि पूर्वी ती आली की भांडंभर लोणी असायचं. आता लोणी नसायचं. गोठ्यातही एकच गाय होती.

"क्लोव्हर कुठं दिसत नाही?" आयव्हीनं एकदा भिंतीवरून विचारलं.

"आटली. विकली तिला."

"आटली? वसंतात तर व्याली होती."

"आता आटली तर आटली," कॉनी हसली, पण हसताना तिनं आयव्हीकडे बघितलं नाही.

थंडीत जेसी हॅन गल्लीतलं कुंपण विणायला आला. फांद्यांना अर्धी चीर देऊन त्या आडव्या वाकवायच्या आणि एकमेकींत गुंतवायच्या, असं काम. आयव्हीनं त्याला गरम चहा नेऊन दिला. घेईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. त्यानं कप घेतला आणि एका दमात संपवला.

"तुला भीती नाही वाटली?" ती म्हणाली.

"कसली?"

"माझ्या हातचं प्यायची."

जेसीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मी तुझं ब्रॉन तीनदा घेतलं. आतून मागून घेतलं. मला साधी ढेकर नाही आली कडू."

"मग हे लोकांना का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?" त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "आणि मला काय वाटलं, माझी आतडी जुन्या कातड्याची आहेत म्हणून वाचलो."

"तू सगळं खाल्लंस? हॅम, लोणचं?"

"सगळं."

"सायडर?"

"हे काय विचारणं झालं?"

"केक?"

"छे. साखर बंद केलीय ना डॉक्टरनं. बहीण डोळ्यात तेल घालून बसली होती समोर. केकही नाही नि वरचं काही नाही."

आयव्ही रिकामा कप घेऊन घरी आली आणि टेबलाशी बसली. केक सहा बायकांनी आपापल्या घरी भाजले होते, प्रत्येकीचा वेगळा. सगळे कसे बिघडतील? साय मात्र एकाच घरून आली होती. आणि मग तिला जे आठवलं ते तिला आठवायला नको होतं. कापणीच्या आठवड्यात ती भिंतीशी कपडे वाळत घालत होती. पलीकडे कॉनी क्लोव्हरची कास गरम पाण्याच्या फडक्यानं शेकत होती, आणि गरीब गाय असूनही क्लोव्हर लाथा झाडत होती. "काय झालं गं?" "काही नाही, माशी चावली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉनीच्या दूधघरात गेली. कॉनी बादल्या धूत होती.

"ये गं. चहा टाकू?"

"क्लोव्हरची कास सुजून दगडी झाली होती ना?"

कॉनीचा हात थांबला नाही. तिनं बादली विसळली, उपडी घातली, हात पुसले.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतेय. कास शेकत होतीस तू. माशी चावली म्हणालीस."

"एकाच सडाला होतं," कॉनी हळूच म्हणाली. "ते दूध मी वेगळं काढत होते. फेकून देत होते सगळं, आयव्ही, देवाशपथ. पण मिसेस थ्रिंग आल्या, म्हणाल्या, यंदा माणसं जास्त आहेत, साय पुरेल ना? एका गाईची साय कशी पुरायची? वास नव्हता. चव बदलली नव्हती. मी स्वतः चाटून बघितली. मीही आजारी पडले ना? पर्सीही पडला. मुद्दाम केलं असं वाटतं तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण रूबेन गेला तेव्हा तुला माहीत होतं. माझा केक खुर्चीखाली सरकवला तेव्हाही माहीत होतं. तू तिथंच बसली होतीस, कॉनी."

कॉनी दुधाच्या ओट्याला टेकली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. "तू ब्रॉन करतेस वर्षातून एकदा. नाही केलंस तर काय बिघडलं? लोक कुजबुजतील, कंटाळतील, गप्प बसतील. माझं दूध बंद पडलं तर पर्सीला घेऊन मी कुठं जाऊ? सांग तूच. गावातला म्हातारा माझ्या हातानं मेला असं झालं तर मला इथं जगता येईल? मी इथली आहे. आणि तू तर..."

"मी तर काय?"

"काही नाही."

"पलीकडची. म्हण की."

आतल्या खोलीतून पर्सीनं हाक मारली. कॉनी डोळे पुसत आत गेली, आणि आयव्ही आली तशी परत फिरली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सगळा हिवाळा ती गप्प राहिली. कॉनीचं येणं बंद झालं. भिंतीपलीकडून पर्सीच्या रेडिओचा आवाज यायचा आणि आयव्ही आपल्या बाजूला तो ऐकत बसायची. वाटलं असतं तर दुकानात चार शब्द बोलून तिला सगळं उलटवता आलं असतं. पण नुसत्या शब्दांवर त्या बायका विश्वास ठेवतील, असं तिला वाटेना. आणि ठेवला तर पुढं काय होईल, हे ती स्वतःच भोगत होती.

गावाचं तिनं सोसलं. बेरिलचं सोसवेना. बेरिल ही रूबेनची मुलगी, चाळिशीची, अविवाहित, बापाबरोबरच राहायची. आयव्ही चर्चमध्ये ज्या बाकावर बसेल त्या बाकावरून बेरिल उठून जायची. ती एकटीच असं उघड करायची, आणि म्हणूनच बहुधा, सांगायचं तर हिला, असं आयव्हीनं ठरवलं. वसंतात एका सकाळी बेरिल बापाच्या कबरीचा दगड घासत होती. आयव्ही जवळ गेली, उभ्यानंच सगळं सांगितलं. गाय, कास, साय, जेसी.

बेरिलनं ब्रश खाली ठेवला नाही. "तुम्ही हे मला का सांगताय?"

"तुझे वडील होते ते."

"की तुमच्यावरचं निघून जावं म्हणून?"

"दोन्ही," आयव्ही म्हणाली.

बेरिलनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "उद्या मिसेस डिबन येऊन म्हणतील, ब्रॉनच होतं. मी कुणाचं मानायचं?"

"कुणाचंच नको मानूस. गाय बाजारात विकली गेलीय. तिथं विचार."

"जा तुम्ही आता," बेरिल म्हणाली, आणि पुन्हा दगड घासायला लागली.

उन्हाळा गेला. बेरिल काही बोलली नाही, पण बाकावरून उठणंही थांबलं. आयव्हीला वाटलं, कंटाळली असेल.

कापणी झाली. मिसेस थ्रिंग फाटकाशी उभं राहून म्हणाल्या, "यंदा दुकानातलं हवाबंद डब्यातलं मांस आणतोय आम्ही, मिसेस सॅमवेज. सोपं पडतं. तुम्हाला उगीच त्रास कशाला? तुम्ही नुसत्या या."

आयव्हीनं मान हलवली, आणि त्या गेल्यावर कोट चढवून खाटकाकडे गेली.

जेवणाच्या दिवशी तिनं ब्रॉन उघड्या थाळीत ठेवलं, वर झाकणसुद्धा घातलं नाही, आणि भर रस्त्यानं हॉलवर नेलं. लोक वाट सोडून बाजूला होत होते. लांब टेबलावर डब्यातल्या मांसाच्या शेजारी तिनं थाळी ठेवली, सुरी ठेवली, आणि आत ओट्याकडे न जाता खुर्ची ओढून टेबलाशी बसली. स्वतःला एक काप वाढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत खायला लागली. जेसी हॅननं हात लांब करून दोन काप उचलले. बाकी कुणी थाळीकडे बघितलंही नाही. बटाटे इकडून तिकडे फिरत होते आणि हवा कशी पडलीय ते बोलणं चाललं होतं.

मग बेरिल बशी घेऊन उठली. पलीकडच्या टोकापासून चालत आली.

"मला द्या एक. बाबांना फार आवडायचं."

आयव्हीनं घाईनं सुरी चालवली. काप वेडावाकडा निघाला. बेरिल तिथंच उभी राहून खायला लागली, आणि खाताखाता अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मिसेस डिबन, यंदा साय नाही का?"

कॉनी पर्सीच्या खुर्चीशेजारी बसली होती. "यंदा कस्टर्ड केलंय."

"का बरं? मागल्या वर्षी किती छान होती."

"एकच गाय राहिलीय ना आता."

"हो, विसरलेच. क्लोव्हर गेली नाही का? बाजारातला माणूस सांगत होता मला. म्हणाला, कास बघून कुणी दारात उभी करून घेईना. शेवटी खाटकानंच नेली." बेरिलनं तोंड पुसलं. "कापणीनंतरच्याच आठवड्यात ना?"

तिथं जमलेली सगळी माणसं गुराढोरांत वाढलेली. कास बघून गाय नाकारली म्हणजे काय, हे कुणाला समजावून द्यायची गरज नव्हती. आयव्हीला दिसलं, एकेक मान वळत होती. वर्षभर जी नजर तिच्या पाठीवर होती ती तिथून उठली आणि हॉल ओलांडून कॉनीवर जाऊन बसली. तोच चेहरा, तोच विनय, तेच गप्प बसणं.

"मलाही एक छोटासा काप चालेल हं, मिसेस सॅमवेज," मिसेस थ्रिंग म्हणाल्या. "पातळ."

त्यांच्या पाठोपाठ बशा यायला लागल्या. आयव्ही कापत राहिली. ज्यासाठी ती वर्षभर झुरली होती ते हेच होतं, आणि आता तिला त्यात काही गोडी लागेना. कॉनी उठली, पर्सीची खुर्ची वळवली आणि दाराकडे न्यायला लागली. पर्सीला काय झालं ते नीट कळलं नव्हतं. "केक राहिला की," तो म्हणत होता. दार जड होतं, आतल्या बाजूला उघडणारं. कॉनी एका हातानं खुर्ची धरून दुसऱ्यानं ते ओढायला लागली. जवळच तीन-चार पुरुष बसले होते. कुणी उठलं नाही.

आयव्हीनं सुरी ठेवली, गेली आणि दार ओढून धरलं. कॉनीनं मान वर केली नाही. खुर्चीचं चाक उंबऱ्याला अडलं तेव्हा आयव्हीनं पायानं रेटा दिला, आणि दोघं बाहेर पडली.

नाताळच्या आत बहुतेक घरांनी बाजारच्या गावातून गाडीनं येणारं बाटल्यांचं दूध लावलं. कुणी कॉनीला कारण सांगितलं नाही. कुणी म्हणालं, बाटल्या सोयीच्या पडतात. महिला मंडळानं पितळेच्या भांड्यांची पाळी आयव्हीला परत दिली, आणि ऑल्डससाहेब येऊन दोन कप चहा पिऊन गेले. आयव्हीनं दर वर्षी ब्रॉन केलं. पण बशी पुढं करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे ती आता निरखून बघायची, आणि जेवायला कुणाच्या घरी गेली तर आधी यजमानाचा घास तोंडात गेलेला बघून मगच सुरुवात करायची.

कॉनीकडून दूध घेणाऱ्या दोन-तीन घरांत आयव्हीचं घर होतं. रोज सकाळी ती दुधाचा जग घेऊन पुढच्या दारानं, सगळ्यांना दिसेल असं जायची. दोघी दारात उभ्या राहून कोबीवरच्या अळ्यांबद्दल, पर्सीच्या खोकल्याबद्दल बोलायच्या. त्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. घरी आल्यावर आयव्ही ते दूध पातेल्यात ओतायची आणि चांगलं वर येईपर्यंत उकळायची. हेझलकूममध्ये दूध कुणी उकळत नसे; आजारी लहान मुलासाठी असेल तरच.

एकदा कॉनी काहीतरी मागायला मागच्या दारानं अचानक आली, आणि नेमकं तेव्हाच पातेलं उतू गेलं. दोघी धावल्या. कॉनी जवळ होती, तिनं फडक्यानं पातेलं धरून खाली उतरवलं. चुलीवर जळक्या दुधाचा वास पसरला. कॉनीनं उकळलेल्या दुधाकडे बघितलं. मग फडकं घडी करून ठेवलं.

"आभाळ भरून आलंय," ती म्हणाली. "तुझे कपडे बाहेर आहेत."

"हो," आयव्ही म्हणाली. "आणते आत."